अल क्वोजमध्ये कापलेला अंगठा

आमच्या स्टुडिओच्या गप्पा सुरू झाल्या की चहा दोनदा गरम करावा लागतो. एक किस्सा संपत नाही तोवर कुणीतरी म्हणतं, "अरे, त्या जर्मन पिक्चरचं सांग ना!" मग खलास!

स्टुडिओ दुबईत, अल क्वोजच्या एका गोदामात. शेजारी टायरचं गॅरेज. आम्ही परदेशी सिनेमे मराठीत डब करतो. संवाद मी लिहिते. हा सिनेमा जुन्या परीकथेवरचा. सावत्र आई, राजपुत्र, हरवलेला बूट. मुलांचा पिक्चर म्हणून आमचे डायरेक्टर कुलकर्णी सर आपल्या दहा वर्षांच्या सानिकालाही बघायला घेऊन आले.

बूट सावत्र बहिणीच्या पायात जाईना. आईने तिच्या हातात सुरी दिली. आणि पोरीने सरळ पायाचा अंगठा कापला!

सर उठून पडद्यासमोर उभे राहिले. "सानू, डोळे मीट!"

सानिका शांतपणे म्हणाली, "बाबा, मूव्ह. आय कान्ट सी."

*

दुसऱ्या दिवशी जर्मनीतल्या क्लायंट बाईंशी व्हिडिओ कॉल. मूळ गोष्टच अशी आहे, असं त्या ठामपणे सांगत होत्या. सरांना तो सीन उडवायचा होता. घाबरत घाबरत त्यांनी विचारलं, "मॅडम, कॅन वी कट द टो?"

बाई गोंधळल्या. "बट शी हॅज ऑलरेडी कट इट!"

सीन राहिला.

*

त्या बहिणीला आवाज वर्षाताईंचा. ताई एका ऑफिसात एचआरमध्ये. इतक्या हळू बोलतात की लोकांना नोकरीवरून काढलेलंही घरी गेल्यावर कळतं!

त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या बूथचा एसी बंद, म्हणून दारं उघडी. सरांनी खूण केली आणि ताईंनी जी किंकाळी फोडली! माझ्या हातातलं स्क्रिप्ट खाली पडलं. अर्ध्या मिनिटात गॅरेजचे इम्तियाजभाई हातात पाना घेऊन आत. मागे दोन मेकॅनिक.

"किसको लगा? ॲम्बुलन्स बुलाऊँ?"

ताई ओढणी सावरत म्हणाल्या, "सॉरी हं, भाईसाब. अभी एक और टेक है."

*

रक्ताने भरलेला बूट घालून चालण्याचा आवाज जर्मनांनी पाठवलाच नव्हता. आमचा साउंड इंजिनीअर आगनेल, वसईचा. त्याने ओला स्पंज पिळून पाहिला, दही पाहिलं. मनासारखं काही होईना. पाडव्याचं म्हणून ताईंनी पातेलंभर श्रीखंड आणलं होतं, त्यावर त्याची नजर गेली.

पच्च. पच्च. अगदी हवा तसा आवाज!

तेवढ्यात कुलकर्णी सर आले, चमचाभर श्रीखंड तोंडात टाकलं. "वेलची जरा कमी आहे."

"सर, त्यात माझा पाय होता."

सरांचा चमचा हवेतच थांबला. "धुतला होतास?"

आगनेलने खांदे उडवले. "इन्शाल्ला!"

*

सिनेमातल्या बापाच्या आवाजासाठी होते पाटकर काका. शारजात राहतात, निवृत्तीला आलेले स्टोअरकीपर. दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून यायचे, तरी पहिल्याच टेकमध्ये ओके! नऊ वर्षं ओळखतो आम्ही त्यांना. नवीन माणूस भेटला की सांगायचे, "मला एकच मुलगा. पुण्यात असतो."

सिनेमात राजपुत्र दारात येऊन विचारतो, "घरात आणखी मुलगी आहे?" सख्खी लेक आत चुलीपाशी बसलेली. बाप म्हणतो, "नाही. आणखी मुलगी नाही मला."

एवढंच वाक्य.

पहिल्या टेकला काका थांबले. दुसऱ्याला खोकले. तिसऱ्याला पाणी मागितलं. सातव्या टेकला स्पष्ट आवाजात म्हणाले, "आहे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सर माइकवरून म्हणाले, "काका, तिथे 'नाही' आहे."

"हो, हो. नाही. घ्या पुन्हा."

आठवा टेक. राजपुत्राने विचारलं. काका काचेपलीकडून थेट आमच्याकडे बघत म्हणाले, "आहे. मुलगी आहे मला."

सर काही बोलणार, तर आगनेलने त्यांचा हात धरला.

काकांनी हेडफोन काढून ठेवले. चष्मा पुसला. खिशातून मोबाइल काढून एकेक आकडा दाबू लागले. नंबर सेव्ह केलेला नव्हता, पाठ होता. बूथचा माइक चालूच होता. आमच्या स्पीकरवर बारीक रिंग ऐकू येत होती. मग ती थांबली.

"ठेवू नकोस," काका म्हणाले. "मी बाबा."

आगनेलने माइक बंद केला.