मुकादम फाटकाबाहेर

चष्मेवाल्याच्या दुकानाला दोन खिडक्या आहेत, असं शेजारचा न्हावी म्हणायचा. एक रस्त्याकडची, तिच्यातून गिऱ्हाईक दिसतं. दुसरी टेबलावरची, तिच्यातून वस्ती दिसते. पहिलीकडे याचं लक्ष नसतं, असं वर जोडून तो स्वतःच हसायचा.

दुकान अरुंद, पाचर ठोकावी तसं वळणावर ठोकलेलं. डाव्या हाताला काचा घासायचं यंत्र आणि त्याच्या पाण्याचा गार, दगडी वास. समोर भिंतभर रिकाम्या फ्रेमा टांगलेल्या, जणू बघणारं कुणी नाही आणि बघणं तेवढं उरलंय. कोपऱ्यात संगणक. संगणकाशेजारी एक उंच स्टूल. त्या स्टुलावर गिऱ्हाइकाला बसू देत नसत. चुकून कुणी बसलंच तर चष्मेवाला खुर्ची पुढे सरकवून म्हणे, "इथं बसा. ते मुकादमचं आहे."

मुकादम म्हणजे त्याची मुलगी.

तिची आई गेली तेव्हा ती इतकी लहान होती की स्टुलावर तिला उचलून बसवावं लागे. वरच्या मजल्यावर आत्या होती, चष्मेवाल्याची थोरली बहीण. जेवणखाण, वेणीफणी ती बघायची. पण शाळा सुटली की पोरगी वर न जाता दुकानात शिरायची. रिकाम्या दुपारी बापलेकीनं संगणकावर वस्ती वसवायचा एक खेळ धरला, आणि मग खेळानं त्यांना धरलं.

खेळ साधाच होता. डोंगराआड एक ओसाड दरी. एक गाडी येऊन थांबते, चार-दोन माणसं उतरतात. जवळ थोड्या कुऱ्हाडी, थोडं बियाणं. झाडं कुठली तोडायची, शेत कुठं, घरं कुठं, कुंपण किती उंच, फाटक कुठल्या तोंडाला, हे सगळं खेळणाऱ्यानं ठरवायचं. हिवाळा येतो, लांडगे येतात, लुटारू येतात. माणसं उपाशी राहिली की कुरकुरतात, फारच झालं तर गाठोडं उचलून चालती होतात. आपल्या हातानं काही करायचं नाही. सांगायचं, आणि ती ऐकतात का ते बघत बसायचं.

"म्हणजे संसारच की," न्हावी म्हणाला होता. "एवढी माणसं पाळता, एकाचे तरी केस वाढतात का बघा. मी येतो कात्री घेऊन."

नावं पोरगीनं ठेवली. कोठाराभोवती घुटमळणारा तो खादाड. सारखा कुरकुरणारा तो रडका. आणि लाल शाल पांघरलेली, सगळ्यांच्या पुढे पुढे चालणारी एक बाई होती, ती म्हणजे पोरगी स्वतः. "बाबा, त्याला उठव ना! ऊन डोक्यावर आलं तरी झोपलाय!" असं ती ओरडायची, तेव्हापासून तिचं नाव मुकादम पडलं. खेळातल्या लाल शालवालीचंही तेच.

पण खेळाची एक खोड असते. शिकेपर्यंत तो आपल्याला नाचवतो. शिकलो की आळणी होतो. एक दिवस अशी वेळ आली की कोठारं भरलेली, कुंपण पक्कं, लांडगे बाहेरच्या बाहेर परतायचे. पोरगी टेबलावर हनुवटी टेकून म्हणाली, "बाबा, आता काही होतच नाही."

"मग बंद करू?"

"नको. आपणच काहीतरी करू. अट घालू."

पहिली अट तिचीच. लाकूड तोडायचं नाही, जे काय ते दगडाचं. माणसं त्या हिवाळ्यात कुडकुडली, पण पोरीच्या डोळ्यांत पुन्हा चमक आली. मग अटींना ऊत आला. सगळ्या वस्तीला एकच चूल. शेती न येणारीच माणसं घ्यायची. येईल त्याला आत घ्यायचं, मग तो चोर का असेना. दुकानात पाऊल टाकतानाच ती विचारायची, "आज अट काय?"

आणि चष्मेवाल्यानं एक गोष्ट तिला पक्की शिकवली. घातलेली अट मोडायची नाही. वस्ती बुडाली तरी चालेल. एकदा एका अटीपायी रडका बर्फात गारठून मेला. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण हात तिनं हलवला नाही. चष्मेवाल्यानं तिच्या डोक्यावर थोपटलं. "शाब्बास! मुकादम शब्दाची पक्की. अट म्हणजे अट." त्या शाबासकीचा त्याला किती अभिमान होता! पुढे तीच त्याच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली.

दोघंही मनातलं बोलण्यात मुखदुर्बळ. त्यामुळे हळूहळू वस्ती हीच त्यांची बोली झाली. गणितात गोता खाल्ला की ती म्हणायची, "वस्तीत एकाचा पाय मोडला."

"कुणाचा?"

"मुकादमचाच. पण लंगडत चालतेय."

आत्या रागावली असेल तर, "वर जाऊ नकोस बाबा, लांडगे आलेत." तिकडून आत्या जिन्यातून ओरडायची, "ऐकू येतं हो मला! लांडगे म्हणे! ताट वाढलंय लांडग्यांनी, या आता."

पोरगी मोठी झाली. घरांचे नकाशे काढायला शिकली. मोठ्या शहरात नकाशांच्याच एका कचेरीत तिला काम मिळालं. चष्मेवाल्याच्या मनात ती दुकानात बसावी असं होतं. बोलला मात्र कधीच नव्हता. ते आपोआप तिला कळेल, असं तो धरून चालला होता.

"घरं बांधायला तूच तर शिकवलंस," ती म्हणाली.

"जा की. कुणी अडवलंय?"

ती निघाली त्या सकाळी तो काच घासत बसला. यंत्र सुरू असलं की दुसरं काही ऐकू येत नाही. बस थांब्यापर्यंत आत्या गेली.

मागे खेळ राहिला, पण त्याची चव गेली. चष्मेवाल्यानं जुन्या अटी एकेक करून पुन्हा काढल्या. दगडाची घरं झाली, एका चुलीची वस्ती झाली. ताटात वाढलेलं पुन्हा पुन्हा गरम करून खावं, तसं वाटलं. मग तो नव्या, आधीपेक्षा कठीण अटी घालू लागला. बियाणं जाळून टाकायचं. कुणालाच नाव ठेवायचं नाही. एकालाच घेऊन सगळं उभं करायचं. त्या एकट्या माणसाला दरीत हिंडताना बघून तोच कासावीस झाला आणि ती अट पुरी न करताच त्यानं संगणक बंद केला. स्टुलावर आता चष्म्यांच्या रिकाम्या डब्या रचलेल्या असायच्या.

मुलीचा फोन यायचा. "वस्ती कशी आहे?" म्हणजे, बाबा कसा आहेस. "कुंपणाला जरा डागडुजी हवी," म्हणजे गुडघा दुखतोय. रुसवा कधी बोलून निघाला नाही, पण या बोलीत तो विरघळत चालला होता. काळ हे काम करतोच, त्याला थोडी सवड दिली तर.

अशात चष्मेवाल्याला एक अट सुचली. जो वस्ती सोडून गेला, तो परत फाटकाशी आला तरी त्याला आत घ्यायचं नाही.

सुचली कुठून, ते त्याचं त्यालाच ठाऊक. कदाचित ठाऊक नसेलही. पण खेळात जीव आला. माणसं टिकवायची तर त्यांना जपावं लागतं, नाराज होऊ द्यायचं नाही, कारण गेलेला कायमचा गेला. कित्येक दिवसांनी त्याला यंत्रावर काच असताना टेबलाकडे बघावंसं वाटू लागलं.

एका दुपारी न्हावी खुर्चीत पाय पसरून बसला होता. खेळात कडाका पडला होता. थोड्याच दिवसांपूर्वी लाल शालवाली कुठल्याशा कारणानं बिनसून निघून गेली होती आणि आता ती फाटकाबाहेर परत येऊन उभी होती. चष्मेवाला पुढे झुकून बघत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, वस्ती कशी आहे?"

"अगं, काय सांगू! रंगलीय! बरं झालं तू फोन केलास."

 ती म्हणाली, "बाबा, वस्तीतलं एखादं माणूस निघून गेलं आणि मग फाटकाशी परत आलं, तर घेतोस का रे आत?"

चष्मेवाल्याला वाटलं, काय योग जुळून आलाय, पोरीनं नेमकं तेच विचारावं! "नाही! या खेपेला तीच तर अट आहे. गेला तो गेला."

"मुकादम असली तरी?"

"मुकादमच उभी आहे आत्ता बाहेर. थंडीत. तिलाही नाही. अट म्हणजे अट!"

 तिकडून रस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या.

"चांगली आहे," ती म्हणाली. "अवघड आहे."

"म्हणून तर मजा येतेय! किती दिवसांनी!"

"खेळ मग. ठेवते."

फोन ठेवून त्यानं हात चोळले. न्हावी मात्र सावरून बसला होता. "कुणाला घेणार नाही म्हणालात?"

"खेळातलं आहे हो."

"मला आपलं वाटलं," न्हावी म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो न हसता उठून गेला.

दिवेलागणीला चष्मेवाला वर गेला तर आत्या उशीला धुतलेला अभ्रा घालत होती. पोरीच्या खोलीची खिडकी सताड उघडी. गादी उन्हात टाकून परत आणलेली, खोलीभर उबदार कापसाचा वास.

"मग? कधी येतेय?" आत्यानं विचारलं.

"कोण?"

"कोण काय कोण? तुला फोन नाही केला तिनं? अरे, कचेरी बंद पडली तिची. मैत्रिणीच्या खोलीवर राहतेय. काल मला म्हणाली, आत्या, तू काही बोलू नकोस, बाबाला मीच विचारते. आज आवरून बसणार होती सामान." आत्यानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. अभ्रा अर्धाच चढला होता. "काय बोललास तू तिला?"

 इतकी वर्षं ती वस्तीबद्दल बोलली की चष्मेवाल्याला घराबद्दल ऐकू यायचं. एकदाही चुकलं नव्हतं. आणि ज्या दिवशी खेळ पुन्हा निव्वळ खेळ झाला, त्याच दिवशी तिनं दार वाजवलं.

त्यानं फोन लावला. तिनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला, आवाज धुतलेल्या भांड्यासारखा स्वच्छ. "छे रे बाबा, मी खेळाचंच विचारत होते. इकडे काम मिळतंय दुसरं. जरा लांब आहे, पण बरं आहे."

इथे त्याला बोलता आलं असतं. पोरी, ये. एवढे दोन शब्द. बस धरून तो स्वतः जाऊ शकला असता. दुकानाला कुलूप लावायला कितीसा वेळ लागतो? पण ती खेळाचंच म्हणते तर मग आपण कशाला वाकायचं, असं आत कुठंतरी कुणीतरी म्हणालं. तो बोलला, "बघ बाई. तुझं तू ठरव."

तिनं ठरवलं. ती लांब गेली, आणखी लांब.

आत्यानं ती खिडकी लावली आणि बरेच दिवस भावाला ताट वाढताना ती बोलली नाही. एकदाच म्हणाली, "लोकांना जवळचं-लांबचं दाखवतोस म्हणे तू."

लाल शालवाली त्या कडाक्यात फाटकाबाहेरच मेली होती. चष्मेवाल्यानं ती वस्ती पुसून टाकली.

मुलगी आली ती पुष्कळ काळानं, चार दिवसांच्या रजेवर. नीटनेटकी, थोडी बारीक झालेली, स्वतःच्या कामात स्थिरावलेली. आत्याच्या गळ्यात पडली. रागाचा लवलेश नव्हता. पण कपाट उघडण्याआधी तिनं विचारलं. टॉवेल कुठला घेऊ, म्हणाली. आणि बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही चहा घेतलात का?"

लहानपणापासून ती त्याला तू म्हणायची. हे तुम्ही कुठून आलं? बाहेरच्या माणसांत राहून जिभेला वळण लागलं असेल. आदरच तो. चष्मेवाल्यानं मान हलवली, घेतला म्हणाला. घेतला नव्हता.

निघायच्या आदल्या दुपारी ती दुकानात आली. स्टुलावर डब्या नव्हत्या. त्यानं सकाळीच उचलल्या होत्या. ती बसली. टेबलावर वस्ती सुरू होती, मोडकीतोडकी. कोठारात दाणा नाही, दोन घरांची छपरं गेलेली, माणसं आडवीतिडवी पडलेली.

"हे काय, लांडगे आत कसे?" ती म्हणाली. मग पुढे झुकून तिनं नीट पाहिलं. चारी बाजूंनी कुंपण होतं. फाटक असतं त्या जागी नुसती मोकळी वाट.

"अट काय आहे?"

"फाटक लावायचं नाही. कधीच."

 यंत्रातून पाणी ठिबकत होतं.

"अशी वस्ती टिकत नाही."

"नाही टिकत," चष्मेवाला म्हणाला. "एक हिवाळासुद्धा निघत नाही. पुन्हा मांडतो."

"किती वेळा?"

"तू लांब गेलीस तेव्हापासून हेच."

 टेबलावर हनुवटी टेकायला ती आता फार उंच झाली होती, तरी तिनं टेकली. "तू वेडा आहेस, बाबा," ती म्हणाली.

तू म्हणाली. त्यानं ते ऐकलं, आणि न ऐकल्यासारखा तो काच पुसत राहिला.

सकाळी ती गेली. या खेपेला तो बस थांब्यापर्यंत बरोबर गेला, बॅग त्यानं उचलली. बस हलली तेव्हा ये म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं. पण तिचं घर आता तिकडे होतं, काम तिकडे, माणसं तिकडे. ये म्हणून काय, येणारच होती ती, सुट्टी मिळेल तेव्हा, पाहुण्यासारखी. त्यानं हात हलवला.

दुकान उघडलं तेव्हा न्हावी दारातच होता. "काय चष्मेवाले, वस्तीची काय खबर?"

"बुडाली," चष्मेवाला म्हणाला. स्टूल पुसून त्यानं जागेवर ठेवलं आणि संगणक सुरू केला. ओसाड दरी उघडली. गाडी येऊन थांबली, माणसं उतरली. तो कुंपणाची पहिली ओळ आखू लागला आणि जिथं फाटक यायचं, तिथं जरा थांबून, जागा सोडून पुढे गेला.