अकरा मुलींचा पेपर

आमच्या मुख्याध्यापकांना मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही. निवृत्तीनंतर माणूस मवाळ होतो म्हणतात. मी झाले नाही.

ज्या वर्षी बोंडअळीनं कापसाची वाट लावली, त्याच वर्षी दिग्रसजवळच्या आमच्या शाळेत ऑनलाइन शिक्षणाचा प्लॅटफॉर्म आला. नारळ फुटला, पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी सरांनी दहावीचं विज्ञान माझ्याकडून काढून घेतलं. "मॅडम, आता कायले घसा कोरडा करता? शिकवाचं काम कॉम्प्युटर करून राह्यला," असं भर स्टाफरूममध्ये म्हणाले आणि माझ्या हाती पाचवीचं शुद्धलेखन दिलं. सगळे हसले. दहावीची वर्गशिक्षिका मात्र मीच राहिले, कारण हजेरी मांडायचं काम प्लॅटफॉर्मला येत नव्हतं. मला माझं विज्ञान परत हवं होतं, आणि त्याहून जास्त, या माणसाचं नाक चारचौघांत कापलेलं पाहायचं होतं.

इंटरनेट चाले तो एकच कॉम्प्युटर, सरांच्या केबिनमधला. सगळ्या मुलांचा पासवर्डही एकच. डबा खाऊन झाला की सर दार लोटून बसत आणि एकेका मुलाच्या नावानं चाचण्या सोडवत. शाळा तालुक्यात पहिली आली, पेपरात फोटो छापून आला. मी गप्प राहून तारखा टिपत गेले.

वेचणी सुरू झाली. किडक्या बोंडांत दिवसभर हात घालून फारसं वजन भरेना, म्हणून मजूर येईनात. मग घरच्या मुली वावरात. एकीची आई शाळेच्या फाटकापाशी थांबली होती. "मॅडम, मजूर भेटून नाही राह्यले. पोरीले पंधरा दिवस नेतो, सांभाळून घ्या." सांभाळून घ्यायची आमच्याकडे जुनीच रीत. वेचणीत गेलेल्या मुलींची हजेरी वर्गशिक्षक भरून टाकत, नाहीतर त्यांना बोर्डाच्या परीक्षेला बसता येत नसे. मीही भरली, अकरा जणींची, बिनदिक्कत.

त्या अकरा जणी कापूस वेचत असताना सरांनी इकडे त्यांच्या चाचण्या देऊन टाकल्या. मला हेच हवं होतं. तोच पासवर्ड टाकून प्लॅटफॉर्मवरचा अहवाल मी बसस्टँडजवळच्या दुकानातून छापून आणला आणि तपासणीला शिक्षण विस्तार अधिकारी आले तेव्हा सगळ्या स्टाफसमोर त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "या अकरा मुली चाचणीच्या दिवशी शाळेतच नव्हत्या. मग यांचा पेपर कोणी दिला, ते सरांना विचारा." सरांचा चेहरा खर्रकन उतरला. तो क्षण मी आजही चवीनं आठवते.

मग सरांनी घंटी वाजवली आणि शिपायाला माझा हजेरीपट आणायला सांगितलं.

खरंच सांगते, तोवर ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सूड घ्यायच्या नादात मी माझं स्वतःचं अक्षर विसरले होते. अधिकाऱ्यांनी पानावर बोट ठेवलं. "मॅडम, हे तुम्हीच भरलं ना? मुली होत्या की नव्हत्या?" सर शांतपणे माझ्याकडे बघत होते. मी काय बोलणार हे त्यांना माहीत होतं. नव्हत्या म्हटलं असतं तर तो माणूस तिथंच संपला असता. माझी नोकरी गेली असती तर गेली असती, इतकी मी पेटले होते. पण अकरा मुलींचं वर्ष बुडालं असतं, आणि त्या वर्षी घरी बसलेल्या मुलीला पुन्हा शाळेत कोण पाठवणार होतं? लग्न लावून मोकळे झाले असते.

"होत्या," मी म्हटलं. "माझाच गोंधळ झाला."

अकराही जणी परीक्षेला बसल्या. ज्यांना हे माहीत आहे ते म्हणतात, मॅडमनं मोठं मन केलं. कसलं मोठं मन! आतून जळत होते, अजून जळते. मार्चमध्ये सरांनी माझा गोपनीय अहवाल लिहिला: "चूक लक्षात आणून दिल्यास मान्य करतात." खाली माझी सही लागत होती. मी केली.