हॉलमधली वाट

हे मी आजवर कोणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवासमोरही नाही — तिथे मी नुसती डोळे मिटून उभी राहते, म्हणजे बोलावं लागत नाही. तुला सांगते. पण जरा इकडून तिकडून येईन. एकदम त्यावर बोट ठेवायला अजून जीव धजत नाही.

आधी घराचं सांगू? मुलुंडला आम्ही ब्लॉक घेतला तेव्हा ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. हॉल, किचन आणि आत एक बारकी खोली. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीतून आलेलो आम्ही, आम्हाला तो महालच. पण पांढऱ्या भिंती आणि रिकाम्या लाद्या — दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं. ह्यांचा पगार हप्त्यांत जायचा. सोफा, शोकेस वगैरे विचारही नको.

मग मी हाताने करायला लागले. जुन्या साड्यांचे पडदे शिवले. सुतळी विणून कुंड्या टांगल्या, त्यांत मनीप्लँट. खाली गादी घालून भारतीय बैठक केली, शिंप्याकडच्या चिंध्या भरून तक्के केले. मिठागरांकडे फिरायला गेलो की तिथून लव्हाळ्याचे तुरे आणायचे, वाळवायचे, रंगवायचे. फळवाल्याकडचं एक लाकडी खोकं घासून काळं रंगवलं, वर काच टाकली — झाला टीपॉय! आणि त्या टीपॉयवर माझा जीव की प्राण, आरशांचे तुकडे चिकटवलेलं मडकं.

बिल्डिंगमधल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. "सुमन, झकास गं! मासिकातलं घर वाटतं अगदी." चाळीत मला कोण ओळखत होतं? इथे मी कोणीतरी झाले होते. हे सगळं मी फुशारकीने सांगत नाही — मला त्या बाईची आता शिसारी येते. पण ती कशी होती ते तुला कळायला हवं.

आता सासूबाई.

आई मालवणकडच्या. सासरे मिलमध्ये होते. ते गेल्यावर ह्या बाईने गिरणीकामगारांची खानावळ चालवून मुलाला शिकवलं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले ते आम्ही मुलुंडला यायच्या आधीच. पण रडारड नाही. नव्या घरात आल्या आल्या त्यांनी हाताने घर पाठ केलं. आतल्या खोलीच्या चौकटीवर हात, मग कपाट, मग भिंत — आणि मग हॉलमधून बाथरूमपर्यंत एक उघडा पट्टा, जिथे धरायला काहीच नाही. तेवढा पट्टा त्या नुसत्या अंदाजाने चालायच्या. अगदी ताठ. मला त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "घर तुका होया तसा सजव गो. फक्त माझे वाटेत काय ठेवू नको."

एवढंच. दुसरं काही मागितलं नाही त्यांनी माझ्याकडे. कधीच.

आणि मला त्या वाटेचाच राग यायचा. ऐन हॉलच्या मधोमध ती जागा पडलेल्या दातासारखी दिसायची. बैठकीसमोर टीपॉय नसेल तर बैठकीला अर्थ काय? तो मला कोपऱ्यात ढकलून ठेवावा लागे. दुपारी आई झोपल्या की मी तो मधे आणून ठेवायची, दारात जाऊन पाहुण्यासारखी बघायची, आणि परत सरकवायची. वेड्यासारखं. रोज.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी पहिल्यांदाच माझ्या घरी ठेवलं. आई आपणहून म्हणाल्या, "मी आत बसतंय, तुमचा चालू दे." मी एका शब्दाने म्हटलं नाही की बाहेर बसा. बरंच वाटलं मला — जुनेर नेसलेली आंधळी विधवा बैठकीवर कशी दिसली असती? बघ, मी हा असा विचार करत होते. शब्दशः.

टीपॉय मधे आणला. त्यावर मडकं, बाजूला तिळगुळाची ताटली. बायका आल्या, बघत राहिल्या, पुन्हापुन्हा मडक्यावरून हात फिरवला त्यांनी. गेल्या. टीपॉय परत सरकवायचा होता ना? होता. पण हॉल इतका सुरेख दिसत होता! मी चहाचा कप घेऊन किचनच्या दारात उभी राहिले, आणि बघत राहिले.

आतली खाट करकरली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलेय की मी ती करकर ऐकली नाही. ऐकली. नीट ऐकली. मनात आलं — एवढा चहा संपवते.

त्या ताठ चालत आल्या. पाय खोक्याला अडकला आणि त्या अख्ख्याच्या अख्ख्या लादीवर आदळल्या. मडकंही पडलं, गडगडत भिंतीला लागलं. आणि मी धावले — कुठे धावले विचार. मडक्याकडे. आधी मडकं उचललं. फिरवून पाहिलं, तडा गेलाय का ते. पाठीमागे एक म्हातारी बाई "आये गो, आये गो" करत पडलेली, आणि मी मडकं फिरवून बघतेय. शी! आंघोळ केली तरी हे हात मला ओशट वाटतात कधीकधी.

मडक्याला काही झालं नव्हतं.

आईंचा खुबा मोडला होता. हे कामावरून थेट हॉस्पिटलात आले, घामाघूम. कॉटशेजारी उभे राहून त्यांनी मला पहिलंच विचारलं, "टीपॉय मधे कसा काय आला?" त्यांना वाट माहीत होती ना. आणि मी — एक क्षणही लागला नाही मला — म्हटलं, "आईंनीच सरकवला असेल. दुपारी काहीतरी चाचपत होत्या हॉलमध्ये."

आईंनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मला वाटलं, आता ही बाई मला सोलून काढणार. खानावळीत गड्यांना दरडावणारी बाई ती! पण त्या हळूच म्हणाल्या, "मीच सरकवला असतला. माका आठवणा नाय."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःपेक्षा माझ्यावर. याहून घाण वाटेल असं मला आयुष्यात दुसरं काही मिळालेलं नाही.

हाड सांधलं. डॉक्टर म्हणाले, चालवा त्यांना, काही अडचण नाही. पण त्या उठायला तयार होईनात. "नको गो, मी परत कायतरी सरकवीन." हळूहळू प्रत्येक गोष्ट विचारायला लागल्या. मी जेवलंय काय? मी गोळी घेतलंय काय? हे मला बाजूला घेऊन म्हणायचे, "आईचं डोकं चाललं गं." मी मान हलवायची. खरं तर खानावळीतला कुठला कामगार किती तिखट खायचा, तेसुद्धा त्यांना तोंडपाठ होतं. डोकं शाबूत होतं. फक्त त्यावरचा त्यांचा भरवसा गेला होता — तो मी काढून घेतला होता.

एकदा तरी खरं सांगायचं ना? टीपॉय मी ठेवला होता, आई, तुम्ही नाही. इतकंच. रोज त्यांना भरवताना माझ्या तोंडाशी यायचं आणि रोज मी पुढचा घास करायची.

आणि ऐक, अजून आहे. त्या आतल्या खोलीत पडून राहिल्यावर हॉलमध्ये वाट सोडायची गरज राहिली नाही. टीपॉय कायमचा मधे आला. मागून एक रांजणही ठेवला मी, तुऱ्यांनी भरलेला. नंतर आलेल्या बायका म्हणाल्या, आता कसं भरल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. मला छान वाटायचं.

चौथ्या वर्षी त्या खाटेवरच गेल्या. दिवसकार्याला आलेल्या प्रत्येकाला हे सांगत होते, शेवटी आई फार विसरायला लागली होती, स्वतःच टीपॉय सरकवला आणि त्यावरच पडली. मी शेजारी बसून डोळे पुसत होते.

आता हे पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. परवा ह्यांना किल्ली सापडेना. शर्टाच्या खिशातच होती. ती हातात घेऊन म्हणाले, "आईसारखंच होणार माझं, सुमन. आमच्या रक्तातच आहे ते." घाबरले होते. लहान मुलासारखे घाबरले होते. त्यांच्या आईच्या डोक्याला काहीही झालं नव्हतं, हे जगात मला एकटीला माहीत आहे. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हटलं, "वयाने होतं हो असं." आणि गॅसवरची भाजी बघायला उठले.