पिशवीच्या जागी सूर्य

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी मला देवभोळी म्हणायला नको. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की लोक हळद-कुंकू शोधतात आणि मी थर्मामीटर शोधते. अशी मी. त्यामुळे हे लिहायला बसतानाही स्वतःचाच राग येतोय... पण दोन पाकिटं माझ्यासमोर टेबलावर पडलेली आहेत, त्यांचं काय करू?

मी कुरुंद्याची. बारावी झाली आणि मला बी.फार्मलाच जायचं होतं. बाबा हळद पिकवणारे, हिशेबी माणूस. म्हणाले, "फॉर्म भरायच्या आधी वर्षभर मेडिकलवर उभी ऱ्हा. दिवसभर लोकायचं दुखणं ऐकून घेणं होतंय का बघ. न्हाई झालं तर उगं चार वर्षं काहून घालवायची?" मला आधी राग आला, मग पटलं. वसमतला बाबांच्या ओळखीच्या एका काकांचं मेडिकल आहे, बस स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. रोज सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं.

काकांची एक पद्धत होती. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, म्हणून ते पाकिटावर चित्र काढायचे. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर — पिशवी. म्हणजे तुमच्या गावचा बाजार ज्या वारी, त्या वारी ही गोळी. वार कुणी विसरेल, बाजार कोण विसरतंय? वर गिऱ्हाइकाकडून ते वदवून घ्यायचे, "कवा घ्यायची? सांगा मला." सांगितल्याशिवाय पाकीट सोडायचे नाहीत.

गोळ्या द्यायच्या काकांनी, चित्रं काढायची मी. माझा सूर्य त्यांच्यापेक्षा वेगळा. काका नुसता गोल काढून चार रेघा मारायचे. मी लहानपणीसारखा अर्धाच सूर्य काढायची, खाली आडवी रेघ, वर सात किरणं. काका चिडवायचे, "तुझा सूर्य कवा पूर्ण उगवणार गं?"

आता मुद्द्यावर येते. एका दुपारी काका जेवायला घरी गेले होते. अशा वेळी मी फक्त बसून राहायचं, औषध द्यायचं नाही, हे ठरलेलं. एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, अंगाला मेंढरांचा वास. गुडघ्यावर हात दाबत दाबत पायरी चढली. आमचं छापील पाकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "संपल्या बघ समद्या."

"काका चारला येतील मावशी, तवा या."

"तू सांगितल्या बराबर रोज घेतल्या," ती म्हणाली. "एक दिवस चुकवला न्हाई."

"मी? मी कधी सांगितलं तुम्हाला?"

तिनं नुसतं बघितलं माझ्याकडं. रागानं नाही... दया आल्यावर बघतात ना, तसं. आणि पायरी उतरून गेली. मला वाटलं, म्हातारी आहे, मला दुसरीच कुणी समजली असेल. रिकामं पाकीट मी न बघताच डब्यात टाकलं. लोक असे नमुन्याला गोळ्यांचे रिकामे पत्ते ठेवून जातातच, त्यासाठी डबा होता.

दुसऱ्या दिवशी, तीच वेळ, अजून एकजण आला. त्याच्याबद्दल मला फारसं सांगता येत नाही, आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. माझं डोकं मोबाईलमध्ये होतं. काउंटरवर एक हात आला, उन्हानं रापलेला, म्हाताऱ्या माणसाचा. पाकीट ठेवलं. आवाज आला, "पोरी, ह्यानं काही उतार पडंना गं."

"ठेवा तिथं, काका आले की बघतील," मी म्हणाले. मान वर केली नाही. केली तेव्हा समोर कुणी नव्हतं. तेही पाकीट न बघता डब्यात.

दोन-तीन आठवडे गेले. वसमतच्या बाजाराचा दिवस, दुकानात ही गर्दी! एक धनगर माणूस आईच्या औषधाची चिठ्ठी घेऊन आला. सांधेवाताची पिवळी गोळी. काकांनी त्या सकाळीच आलेला नवीन बॉक्स फोडून पत्ता माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पिशवी काढ. आन वदवून घे." तेवढ्यात त्यांना फोन आला. मागून कुणीतरी "ताई, मला बस गाठायचीय" म्हणून ओरडत होतं, काउंटरवर कुणाचं तरी कोपर आदळलं, पेन सटकला... आणि मी पाकीट देऊन टाकलं. वदवून घेतलं नाही.

अर्ध्या तासानं गर्दी ओसरली. रबरबँड शोधायला मी तो डबा उघडला. चाळताना म्हातारीचं ते पाकीट हाताला लागलं.

त्यावर सूर्य होता. अर्धा. खाली आडवी रेघ, सात किरणं, आणि शेवटचं किरण पेन सटकल्यासारखं लांब, पार कोपऱ्यापर्यंत गेलेलं.  आणि तेव्हा आठवलं — मघाशी मी पिशवी काढलीच नव्हती. हातानं सवयीनं सूर्य काढला होता, आणि कोपर लागलं तेव्हा शेवटचं किरण असंच लांब गेलं होतं. आत पिवळ्या गोळ्यांचा पत्ता. दहाच्या दहा घरं फोडलेली. बॅच नंबर बघितला, तर सकाळी फोडलेल्या बॉक्सचा! ही गोळी रोज घेतली तर माणूस वाचत नाही, हे काकांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

मी चप्पल न घालता स्टँडवर पळाले. तो माणूस बसमध्ये चढत होता. शर्ट धरून खाली ओढला त्याला. "दादा, पाकीट द्या! रोज न्हाई, बाजाराच्या दिवशीच एक! सांगा मला, कवा घ्यायची?" तीन वेळा वदवून घेतलं. लोक बघत होते, बघू देत. मग विचारलं, "तुमची माय कधी आली होती का दुकानात?"

"काय म्हन्ता ताई? वर्ष झालं, तिला उंबरा वलांडता येईना."

पाकीट बदलून दिलं. परत येऊन काकांसमोर दोन्ही पाकिटं ठेवली, त्याचं आणि म्हातारीचं. सूर्य एकावर एक धरले तर रेघेला रेघ जुळत होती. काका म्हणाले, "तूच कवातरी गंमत म्हणून काढलं आसंल." मी बॅच नंबर दाखवला.  त्यांनी दुपारीच शटर ओढलं.

दोन महिन्यांनी ती माय मुलासोबत रिक्षानं आली. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. मी काउंटरला घट्ट धरून उभी. "गुण आला बाई," ती हसून म्हणाली. "पयल्यांदाच पाहून राहिले तुमचं दुकान." तिच्यासमोरच मला रडू फुटलं. तिला वाटलं, गुणाची पोर आहे.

आता दुसरं पाकीट, 'उतार पडंना' म्हणणाऱ्याचं. ते मी त्याच दिवशी बघितलं होतं, पण कुणाला दाखवलं नाही. त्यावरही माझाच अर्धा सूर्य. आतल्या पत्त्यावरचं औषधाचं नाव पार घासून गेलेलं, काही वाचता येत नाही. आणि पाकीट आमच्या दुकानाचं नव्हतंच. वर दुसऱ्याच मेडिकलचं नाव छापलेलं, खाली 'कुरुंदा'. मी गावात सगळीकडं विचारलं. त्या नावाचं दुकान नाही, कधी नव्हतं.

परवा वर्ष संपलं. बाबांनी जेवताना विचारलं, "मग? भरायचा का फॉर्म?" मी हो म्हणाले. बाबा इतके खूश झाले की पुढचं सगळं बोलून बसले, "आपल्या गावातच टाक दुकान. म्या नाव पण ठरवून ठेवलंय."

आणि त्यांनी ते नाव सांगितलं. इथं लिहीत नाही, माफ करा. पाकिटावर तेच आहे.

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर खरंच सांगा, भांडणार नाही. फॉर्म काल भरला. नसता भरला तर ते पाकीट खोटं ठरलं असतं का, हा विचार रात्रभर केला. पण गावातल्या त्या काउंटरवर माझ्याऐवजी दुसरं कुणी बसलं, तर त्याला हे कोण सांगणार? सूर्य काढणं मी सोडलंय. सगळं अक्षरात लिहिते, वदवून घेते, आणि येईल त्या प्रत्येकाच्या तोंडाकडं नीट बघते.

पण तो म्हातारा पाकीट ठेवून गेला त्या दिवशी बघितलं नाही. परवा नाव सांगून झाल्यावर बाबा ताटातच हात धुवत होते, मी त्यांच्या हाताकडं बघत बसले. उन्हानं रापलेला. तसे हात आमच्या गावात घरोघरी आहेत... असं मी स्वतःला सांगते.