जव्हारला सोमा आला तेव्हा

मी घर सोडलं ते खोडाळ्याच्या स्टँडवरून, नाशिकच्या एसटीनं. बारावी झाली होती, आणि प्रयोगशाळेत रक्त तपासायचा कोर्स करायला मी निघाले होते. सूर्यमाळच्या बाजूच्या आमच्या पाड्यावरून आई चालत मला पोचवायला आली. माझी पत्र्याची पेटी तिनं डोक्यावर घेतली होती आणि मागोमाग माझा धाकटा भाऊ सोमा होता, माझ्याहून बराच लहान, शेंबडा. बाप आधीच वारला होता, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. गाडी लागली तशी आई म्हणाली, "नीट राहा. पोटाला खा. कोनाच्या मधी बोलू नको." मग ती माझ्या तोंडावरून हात फिरवायला पुढे झाली, आणि नेमकं तेव्हाच सोमानं भज्यांच्या गाडीपाशी भोकाड पसरलं. ती तशीच त्याच्याकडे वळली. मी खिडकीतून मान मोडेपर्यंत मागे बघत होते. गाडी वळेपर्यंत आई सोमाचं नाक पुसत होती. तुम्हाला हसू येईल, पण मला त्या नाकाचा राग आहे.

हे मी पाड्यावर राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे भिवंडीला, ठाण्याला, पुण्याला जाऊन राहिलेत त्यांच्यासाठीही. जव्हारचा तो कार्यक्रम तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला. अजूनही लग्नाकार्यात त्याची गोष्ट निघते, आणि ती निघाली की तुम्ही मृण्मयीची गोष्ट सांगता. मी त्यात कुठे नसतेच. म्हणून माझी मीच सांगते.

नाशिकनंतर पुणे झालं. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, शिफ्ट ड्युटी, वन बीएचके, खाली वॉचमन. घरात बोलायची आमची बोली मी जिभेच्या मागे ढकलली आणि पुढे शाळेतली मराठी ठेवली. ती इतकी मुरली की आईशी फोनवर बोलतानाही मधूनच 'अगं हो ना' असं निघायचं आणि पलीकडे आई गप्प व्हायची. सोमा वीस-एकवीसचा झाला तेव्हा मी त्याला बोलावून घेतलं. त्याला एका स्पीकर-माईकवाल्याकडे कामाला लावलं. दिवसभर खोकी उचलायची, वायरी ओढायच्या. येताना वाटेत माझ्यासाठी काकड्या आणायचा. आठवड्यातून एकदा आम्ही नागलीच्या भाकरी करायचो, आणि जेवताना आमच्या बोलीत मनसोक्त बोलायचो. ती दोन-तीन वर्षं माझी होती. तेव्हा आईच्या फोनवरसुद्धा मीच असायचे, कारण सोमा कसा आहे हे तिला माझ्याकडूनच कळायचं.

मग मृण्मयी आली. ती नाचणारी. स्पेनमध्ये जाऊन फ्लेमेंको शिकलेली, खिळे ठोकलेल्या टाचांचे बूट घालून जमिनीवर ताल धरायचा तो नाच. पुण्यात तिचा ग्रुप होता आणि त्यात जॅझ वाजवणारी पोरं होती. एका हॉलमध्ये स्पीकर लावता लावता सोमा रिकाम्या खोक्यावर बोटं वाजवत बसला होता, ते तिनं ऐकलं. त्यांच्या नाचात लाकडी खोक्यावर बसून ते हातानं वाजवायची रीतच आहे, त्याला काहोन म्हणतात. झालं, सोमा खोक्यावर बसला तो उठलाच नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "खोका बडवायचे पैसे देत्यात?" आणि खूप दिवसांनी फोनवर खदखदून हसली. मला नाही हसू आलं.

कारण तो माझ्याकडे फक्त झोपायला यायला लागला, आणि मग तेही बंद झालं. ती त्याला 'सॉम' म्हणायची. जन्मापासून ज्याला आम्ही सोमा म्हणतो, सोमवारी झाला म्हणून, त्याचं तिनं सॉम केलं आणि तो त्या हाकेला वळायचा. एकदा मी त्यांच्या तालमीला गेले होते. त्यानं काहीतरी वाजवलं आणि ती थांबून म्हणाली, "हे कुठून आलं रे?" तो म्हणाला, "तारप्याचं आहे, आमच्या नाचातलं." ती म्हणाली, "शिकव." आणि त्यानं शिकवलं, तिचा हात धरून, पाय कसा टाकायचा ते. मला त्यानं आयुष्यात काही शिकवलं नव्हतं. शिकवायला मी विचारलंच कधी, असं तुम्ही म्हणाल. मोठी बहीण धाकट्याला कशाला विचारेल? पण तिनं विचारलं म्हणून तो तिचा झाला, हे मला त्या दिवशी दिसलं, आणि तालमीतून बाहेर पडल्यावर मी रिक्षात बसून तिला मनातल्या मनात वाटेल ते बोलले.

सोमा रस्त्यावरच्या अपघातात गेला. बाहेरगावचा कार्यक्रम करून परत येताना त्यांचा टेम्पो उलटला. मृण्मयी मागच्या गाडीत होती. हॉस्पिटलपर्यंत त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी पोचले तेव्हा तिच्या कुर्त्यावरचं रक्त सुकलेलं होतं. मी रोज रक्तात हात घालते, पण माझ्या भावाचं रक्त तिच्या अंगावर होतं, माझ्या नाही. लोक म्हणाले, बिचारीनं किती केलं. केलंच तिनं. त्यात खोटं काही नाही.

पाड्यावर आम्ही त्याचा दिस घातला. शहरात वाढलेल्या आपल्या पोरांसाठी सांगते: दिसाला पाड्यावरचे जाणते भिवाकाका घांगळी वाजवतात, गेलेल्याला गाण्यातून बोलावतात, आणि तो नात्यातल्या कुणाच्या तरी अंगात येतो. अंग थरथरतं, पाय आपटतात. मग घरच्यांनी त्याला एकच विचारायचं, काय राहिलं तुझं? तो मागेल ते द्यायचं. दिलं की तो सुटतो, आणि मागे राहिलेलेही सुटतात. रक्त तपासणारी मी, पण त्या दिवशी डोळे मिटून बसले होते आणि एकच मागत होते की त्यानं माझ्यात यावं. आईनं माझ्याकडे बघून विचारावं. घांगळी वाजत राहिली, भिवाकाकांचा आवाज बसला. सोमा कुणातच आला नाही.

तेव्हापासून आई अर्धी झाली. माणूस विचारल्याशिवाय राहिलंय, म्हणजे ते कुठेतरी उभं आहे, असं तिच्या डोक्यात बसलं. दारात बसली की रस्त्याकडे तोंड. मी सुट्टी काढून जायचे, तर ती 'बस' म्हणायची, भाकरी वाढायची, आणि तोंड परत रस्त्याकडे. मी तिला ब्लँकेट आणलं, गुडघ्याचं तेल आणलं. ती 'ठेव तिकडं' म्हणायची. मी एसटीनं, जीपनं, शेवटचा चढ पायी असं करून घरी जात होते, पण घरी पोचत नव्हते.

वर्षानं मृण्मयीचा फोन आला. "ताई, आम्ही सॉमसाठी कार्यक्रम करतोय. फ्लेमेंको आणि जॅझ, त्यानं बसवलेल्या तालांवर. पुण्यात नाही, जव्हारला. म्हणजे आईंना येता येईल." मी म्हणाले, "बघते." फोन ठेवल्यावर मी भांडी घासायला घेतली आणि एक कप फोडला. माझ्या भावाची आठवण, माझ्या तालुक्याशेजारी, आणि निमंत्रण तिचं. जव्हारच्या स्टँडवर फलक लागला होता. त्यावर सोमाचा फोटो होता, डोळे मिटून हसतानाचा. तो फोटो माझ्याकडे नाही.

शाळेचा हॉल होता. मुंबई-पुण्याकडून शिरपामाळ बघायला आलेले काही पर्यटकही बोर्ड वाचून आत येऊन बसले होते. पाड्यावरची माणसं परत जायला हवीत म्हणून कार्यक्रम दुपारी ठेवला होता, हेही तिनंच आठवणीनं केलं होतं, आणि तेही मला झोंबलं. स्टेजवर फळ्या ठोकल्या होत्या, टाचा वाजाव्यात म्हणून. पहिल्या रांगेत आमच्यासाठी सोफा होता. आई त्यावर बसेना. ती स्टेजच्या पायाशी खाली सतरंजीवर बसली, भिवाकाका तिच्या शेजारी, आणि मग आमचा सगळा पाडा खाली उतरला. सोफ्यावर मी एकटी.

गिटार झाली, सॅक्सोफोन झाला. आपली माणसं शांतपणे ऐकत होती, जशी शाळेच्या तपासणीला बसतात. मग मधोमध सोमाचं खोकं आणून ठेवलं. त्यावर कुणी बसलं नाही. मृण्मयी काळा घागरा घालून आली आणि त्या खोक्याभोवती फिरायला लागली. आधी हळू. मग टाचा. पुढे त्या टाचांमध्ये मला तारप्याची चाल ऐकू आली, आणि सतरंजीवरच्या बायकांच्या माना आपोआप हलायला लागल्या. चाल वाढत गेली. वाद्यं थांबली आणि नुसत्या टाचा राहिल्या. तिचे केस सुटले, सगळं अंग थरथरायला लागलं, डोळे वर गेले, आणि फळ्या अशा वाजत होत्या की खिडकीच्या काचा बोलत होत्या.

आणि आई उठली.

ती का उठली ते मला क्षणात कळलं. हे अंगात आलेलं वारं नव्हतं. ही बाई रोज आरशासमोर याचा सराव करते, टाचांचा तो भाग संपला की तिला टाळ्या पडतात, हे मला पक्कं माहीत होतं. तरीसुद्धा पहिला विचार आला तो हा: आलास, आणि तिच्यात आलास. मी डोळे मिटून बसले होते तेव्हा कुठे होतास?

आई स्टेजच्या दोन पायऱ्या चढली. भिवाकाका मागे उभे राहिले, पाठोपाठ आमचे सगळेच. मृण्मयीचा नाच तिथेच तुटला. ती धापा टाकत उभी होती, घामानं काजळ गालावर उतरलं होतं. आईनं तिचे दोन्ही दंड धरले.

"आलास?" आई म्हणाली. "किती वाट बघायला लावली. सांग आता. काय राहला तुझा?"

मृण्मयीला काही उमगलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. "ताई, काय विचारतायत?"

हॉलमध्ये ते सांगू शकेल अशी मी एकटीच होते. मृण्मयीला शब्द कळले असतील, पण दिसाची रीत ठाऊक नव्हती, आणि पाड्याला तिचा सराव ठाऊक नव्हता. 'काही नाही, आशीर्वाद देतेय' एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. आईला मी हाताला धरून खाली आणलं असतं, घरी जाऊन समजूत घातली असती. तो माझा भाऊ होता, त्याला विचारायचं ते आमच्या घरात विचारायचं. आणि आई पुन्हा दारात बसली असती, रस्त्याकडे तोंड करून.

"तुला काय हवंय, असं विचारतेय," मी म्हणाले. "जे खरं असेल ते सांग."

तिला बोलवेना. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. शेवटी ती आईकडे बघून म्हणाली, "पाणी."

सतरंजीवरून एक मोठा उसासा आला. आमच्या पाड्यावर होळीनंतर बायका झऱ्याच्या तळाशी वाटीनं पाणी गोळा करतात. मेलेल्यानं दुसरं काय मागावं? कुणीतरी बाटली पुढे केली. आईनं हात पुढे केला, तर भिवाकाकांनी तिला अडवलं. "आईनं नाही. बहिनीनं द्यायचा." आणि बाटली माझ्या हातात दिली.

मी स्टेजवर गेले. मृण्मयीनं न सांगता ओंजळ धरली. ते पाणी तिच्या तोंडावर फेकावं असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. सगळा पाडा तिच्याकडे बघत होता आणि त्यांना तिथे सोमा दिसत होता. मला धापा टाकणारी एक दमलेली बाई दिसत होती, जिनं माझ्या भावासाठी घोटे सुजेपर्यंत नाच केला होता. मी पाणी घातलं. ती घटाघटा प्यायली, पुन्हा ओंजळ धरली, मी पुन्हा घातलं. बाटली संपली तेव्हा तिनं ओल्या हातांनी माझं मनगट धरलं आणि ती रडायला लागली. मी मनगट सोडवून घेतलं नाही. आवडलं म्हणून नव्हे, पण नाही सोडवलं.

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "प्यायलास? जा मग आता. मागं बघू नको."

याचा अर्थ मी सांगितला नाही, पण मृण्मयीला तो कळला असावा. तिनं मान हलवली आणि ती पडद्याआड गेली, मागे न वळता. वाद्यं पुन्हा वाजली नाहीत. टाळ्याही वाजल्या नाहीत, फक्त मागच्या रांगेतल्या पर्यटकांनी दोन-चार वाजवल्या.

आई स्टेजच्या पायरीवर टेकली. पदरानं तोंड पुसलं, मान पुसली. मी तिच्यासमोर रिकामी बाटली घेऊन उभी होते. तिनं वर बघितलं, माझ्या पायांपासून तोंडापर्यंत, सावकाश.

"वने," ती म्हणाली, "तू कदी आलीस?"

मी आदल्या दिवशीच पाड्यावर गेले होते. रात्री तिच्या शेजारी झोपले होते. सकाळी तिचे केस मीच विंचरले होते, आणि जव्हारपर्यंत जीपमध्ये तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

"आत्ताच, आये," मी म्हणाले. "आत्ताच आले."