सासूबाईंची बिनपडद्याची पाटी

माझ्या सासूबाईंनी जन्मात एकच गोष्ट सरळ केली, ती म्हणजे रेघ. बाकी त्यांचं सगळं वाकडं. बोलणं वाकडं, बघणं वाकडं, आणि मी केलेल्या भाजीकडे पाहून त्यांचं नाक जे मुरडतं त्याबद्दल तर विचारूच नका. पण तांदळाच्या पिठाची चिमूट घेऊन त्या जमिनीवर बसल्या की रेघ सुतासारखी यायची, हे मला कबूल करावं लागतं. करावं लागतं म्हणूनच करते.

त्यांचं नाव प्रेमिलाबाई बिसेन. दवनीवाड्यात आणि आसपासच्या गावांत लग्न ठरलं की आधी मांडववाल्याला निरोप आणि लगेच प्रेमिलाबाईंना. नवरानवरीच्या पाटांखाली पिठाचा चौक काढतात, तो त्यांनीच काढायचा. दुसऱ्या कोणी काढला, तर पंगतीत बसून त्या एवढ्या मोठ्याने त्याची चिरफाड करत की यजमानाच्या घशाखाली घास उतरत नसे. लोक त्यांना मानाने कमी आणि भीतीने जास्त बोलवत असावेत, असं माझं मत आहे.

चौक काढायची त्यांची रीत ठरलेली होती. पूर्वेकडे तोंड करून चौक एकदा मांडला की तो हलत नाही, काढणारी बाई त्याच्याभोवती फिरते. उकिडवं बसून एक बाजू काढायची, सरकायचं, मग पुढची बाजू. आणि प्रत्येक रेघ आपल्या छातीकडे ओढायची. रेघ बाहेर ढकलली की घरातली लक्ष्मी बाहेर जाते म्हणे. लक्ष्मी इतकी हलकी असती तर सासूबाईंच्या तोंडाला भिऊन ती केव्हाच गेली असती.

माझं माहेर सालेकशाचं. लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे, "जंगलाकडची आहे ते, मोहफुलं वेचाले सांगा तिले." माझी नणंद दुर्गेश्वरी, तिच्या लग्नात मी हौसेने सकाळी लवकर उठून चौक काढला. सासूबाई आल्या, त्यांनी पाहिलं, आणि पाहुण्यांदेखत ओल्या फडक्याने तो पुसून टाकला. फडकं माझ्या हातात दिलं आणि पीठ घेऊन खाली बसल्या. तेव्हापासून माझा त्यांच्यावर दात आहे. हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

मागच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं की उभं राहा, चाला, पण खाली बसणं बंद. एका लग्नात त्यांनी मांडवात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दोन पोरींकडून चौक काढून घ्यायचा प्रयत्न केला. दोन्ही पोरी रडत घरी गेल्या. त्यानंतर कोणी बोलावणं पाठवलं नाही. आता बाजारात छापलेले चौकही मिळतात, मागचा कागद सोलून फरशीला चिकटवले की झालं. सासूबाई घरी बसल्या. घरी म्हणजे नेमकं माझ्या खुर्चीमागे.

मी गोंदियाच्या लीलाधरभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानासाठी घरून बॅनर करून देते. वाढदिवस, श्रद्धांजली, निवडून आल्याबद्दल अभिनंदन, पडला तरी अभिनंदन. माउसने चित्रं काढून काढून माझं मनगट सुजायला लागलं होतं, म्हणून ड्रॉइंग टॅबलेट, म्हणजे पेनने चित्र काढायची कॉम्प्युटरची पाटी, घ्यायचं ठरवलं. लीलाधरभाऊंनी ते ऐकलं आणि म्हणाले, मग लग्नाच्या हंगामासाठी चौकही काढा, मी छापतो. प्रेमिलाबाईंनी काढलेले असतील तर त्यांचं नाव टाकू, गावोगावी खपतील.

हे मी जेवताना नवऱ्याला सांगितलं. चूक केली. सासूबाईंनी ताटातला हात तसाच थांबवला आणि म्हणाल्या, "मंग ते पाटी माह्यासाठीच येऊन राहिली."

उमेंद्र, म्हणजे माझा नवरा, राइस मिलमध्ये आहे. मशीनच्या आवाजात राहून त्याला भांडण ऐकू न येण्याची कला साधली आहे. एकच येईल, दोघी वापरा, एवढं बोलून तो आचवायला उठला. पण त्या पाटीवर काय अवलंबून आहे ते तिघांनाही कळलं होतं. सासूबाईंचा हात तिच्यावर चालला, तर त्यांचा चौक पुन्हा मांडवात जाणार. नाही चालला, तर चौक काढणाऱ्या प्रेमिलाबाई संपल्या, आणि त्या जन्मभर माझ्या खुर्चीमागे.

गोंदियाच्या दुकानात आम्हाला परवडतील असे दोन प्रकार होते. एक मोठी काळी पाटी, तिला पडदा नाही. आपण पाटीवर पेन फिरवायचं आणि चित्र समोरच्या कॉम्प्युटरवर पाहायचं. दुसरी लहान, पण तिला स्वतःचा पडदा, जिथे पेन टेकतं तिथेच रेघ उमटते. मला पहिलीच हवी होती. माउसवर हात इथे आणि डोळा तिथे ही सवय मला होतीच, आणि मान वाकवून काम करावं लागणार नव्हतं. सासूबाई पडद्याची मागतील म्हणून मी भांडायची सगळी तयारी करून गेले होते.

त्यांनी मोठीवर बोट ठेवलं. "चौकाले जागा पायजे. हे एवढंसं आरशावानी, याच्यात का मावते?"

माझ्या लग्नानंतर आम्हा दोघींचं एकमत झाल्याची ती पहिली वेळ. दुकानदार हिंदीत म्हणत होता, माताजी, एकदा दोन्ही चालवून बघा. सासूबाईंनी त्याला सांगितलं की त्या दुकानात चौक काढत नसतात. तो बिचारा म्हणाला, नाही जमली तर खोक्यासकट पंधरा दिवसांच्या आत आणा, बदलून देतो. मी त्याचं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि विसरूनही गेले.

घरी आल्यावर हात इथे आणि डोळा तिथे ठेवणं त्यांना जमेना. मी म्हटलं, या वयात अवघडच आहे. बस, एवढं पुरलं. हट्टाने दोन-तीन दिवस बसून त्यांनी ते जमवलं. रेघ कॉम्प्युटरवरही सुतासारखी यायला लागली. मला अन्न गोड लागेना.

मग त्यांनी खरा चौक काढायला घेतला. खोलीच्या मधोमध उंच स्टूल ठेवलं, त्यावर पाटी ठेवली, आणि उभ्यानेच पहिली बाजू काढली. छान आली. मग त्यांनी पदर खोचला आणि स्टुलाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. आयुष्यभर मांडवात फिरल्या तशाच. मान वळवून कॉम्प्युटरकडे पाहत त्यांनी रेघ आपल्या छातीकडे ओढली.

पडद्यावर ती भलतीकडेच गेली. त्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा भलतीकडे. तिसऱ्यांदा पेन दाबून ओढली, तेव्हा पहिली चांगली बाजूच मधोमध चिरली गेली.

मी हसले. तोंडावर हात ठेवून नाही, मोकळेपणी हसले. इतक्या वर्षांचं आत साचलेलं होतं, ते सगळं बाहेर आलं. त्या म्हणाल्या की मी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करून ठेवलंय. मी सांगितलं की काही केलेलं नाही. पाटीची वरची बाजू ती वरचीच, तुम्ही कुठेही उभ्या राहा, तिला ते कळत नाही. एका जागी बसा, हवं तर मी बटण दाबून चित्र फिरवून देते.

"चौक फिरत नाही," त्या म्हणाल्या. "बाई फिरते."

"मग ही पाटी तुमच्या कामाची नाही. आणि बोट तुम्हीच ठेवलं होतं."

"तुले माहीत होतं."

मला माहीत नव्हतं. पण मी नाही म्हटलं नाही. त्यांना तसं वाटत असेल तर वाटू दे, मला त्यात गोडीच वाटली. त्यांनी पेन पाटीवर ठेवलं, पदर सोडला, आणि माझ्या खुर्चीमागच्या खाटेवर जाऊन बसल्या. पाटी माझी झाली.

पुढचे दिवस मला सुखाचे जायला हवे होते. मनगट दुखत नव्हतं, काम भराभर होत होतं. पण सासूबाई बोलेनात. माझ्या रेघा वाकड्या म्हणेनात, भाजी खारट म्हणेनात. नुसत्या माझ्या पाठीकडे बघत बसायच्या. शिव्या परवडतात, असली शांतता परवडत नाही. उमेंद्र हळूच म्हणाला, बदलून आणू या का. मी त्याला म्हटलं, मिलमध्ये जा.

त्यातच आमच्या गल्लीतल्या सावित्रीबाई आल्या. त्यांच्या मुलाचं, कैलाशचं, लग्न ठरलं होतं. प्रेमिलाबाईंचा चौक नाही म्हणजे बरं दिसत नाही, पण गुडघ्यांचं आम्हाला कळतं, असं काहीबाही बोलून शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुमच्या सुनेने, भूमिकाने, त्या मशीनवर काढून छापून दिला तरी चालेल, तुमच्याच घरचा आहे.

मी पेन खाली ठेवलं. खोटं कशाला बोलू, या घरात आल्यापासून मला हेच हवं होतं, की कोणीतरी माझा चौक मागावा, आणि तोही त्यांच्यासमोर.

"बाजारातून आन," सासूबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. "छापलेला आन, कोनाचाही आन. इच्या हातचा नोको."

सावित्रीबाई चहा अर्धा टाकून निघून गेल्या. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्यांना दुष्ट म्हटलं, तोंडावर म्हटलं, आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. विचारलं, मी तुमचं काय घोडं मारलंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"तू मस्त काढशील," त्या म्हणाल्या. "तू शिकून राहिली, मले दिसते. मंग मले कोन इचारन? कायले ठेवशील मले घरात?"

मला त्यांची दया आली असं कोणाला वाटलं असेल तर ते चूक आहे. मला आणखी राग आला. म्हणजे मला येत नाही म्हणून त्यांनी पुसलं नव्हतं. येतं म्हणून पुसलं होतं, आणि मी इतकी वर्षं स्वतःच्या हाताला नावं ठेवत बसले होते. या बाईच्या भीतीपायी मी माझा हात का बांधून ठेवू? पण ही घरात अशी बसली तर ती माझ्या प्रत्येक चौकावर असंच पाणी ओतणार, हेही दिसत होतं. मी पाटी खोक्यात घातली, वायर घातली, पेन घातलं, कार्ड शोधलं आणि गोंदियाची गाडी पकडली. पंधरा दिवस संपायचे होते अजून. दुकानदाराने विचारलं, दीदी, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पडद्याची दे.

परत येऊन खोका त्यांच्या खाटेवर आदळला. "घ्या. काढा तुमचे चौक आणि जा तुमच्या मांडवात. मी माझे काढीन, माझ्या नावाने. माझ्या खुर्चीमागे बसायचं नाही."

खोका उघडायला त्यांना बराच वेळ लागला आणि मी मदत केली नाही. उमेंद्रने मिलमधून आल्यावर सगळं जोडून दिलं, वायर पायात येऊ नये म्हणून वरून पंख्याच्या हुकातून सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टूल मधोमध ठेवलं, पडदा पूर्वेकडे तोंड करून ठेवला, आणि पदर खोचून त्याच्याभोवती फिरायला लागल्या. एक बाजू, मग दुसरी. जिथे पेन टेकत होतं तिथेच रेघ उमटत होती आणि त्यांच्या छातीकडे येत होती. गुडघ्यांमुळे प्रत्येक वळणावर त्या स्टुलाला धरत होत्या. मी दारात उभी होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सरक वो, तिकडून उजेड येऊन राहिला."

मी सरकले. दुपारपर्यंत चौक पुरा झाला. लीलाधरभाऊंना पाठवायचा म्हणजे खाली नाव लिहायचं होतं, आणि सासूबाईंना ते टाइप करता येत नाही. म्हणून मी माझ्या जुन्या माउसने, सुजलेल्या मनगटाने, त्यांचं पूर्ण नाव टाकलं. त्या शेजारी उभ्या राहून माझ्यावर लक्ष ठेवत होत्या, मी कुठे माझं नाव घुसवते की काय म्हणून. पाठवून झाल्यावर मी नवीन पान उघडलं आणि त्याच माउसने माझा चौक काढायला घेतला. त्या गेल्या नाहीत. थोडा वेळ पाहून म्हणाल्या, "वाकडी गेली."

वाकडीच गेली होती. मी ती रेघ पुसून पुन्हा काढली. त्यांचा चौक सुंदर झाला होता, तसा मी आजवर पाहिला नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.