चैत्याचं निळं औषध

सायवनच्या चैत्याचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. दुकानातून मीठ आणलं तरी आधी चाखून बघायचा. जन्म गेला डहाणूच्या किनाऱ्याला, दौलतशेठच्या चिकूवाडीत, बुरशीवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी फवारण्यात. बुरशी म्हणजे वैरी, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

आणि त्याच्याच मुलीने, सुनिताने, बुरशीच्या पुड्या घरात आणल्या! त्यांच्या खडकाळ माळावर काजूची कलमं मागे दोनदा जळून गेली होती. या खेपेला कलमं वाटणाऱ्या मिथुनने त्या पुड्या मुळांना लावायला दिल्या. ही बुरशी मुळांना धरून राहते, तिचे तंतू दगडांच्या फटींत शिरतात आणि मूळ पोचत नाही तिथलं पाणी नि खत झाडाला आणून देतात, असं सुनिता सांगायची.

"फुकट कोण कोणाचं पाणी भरतो?" चैत्याने विचारलं.

"फुकट नाय, बा. झाड तिला साखर देतं."

झालं! साखरेला चटावलेली ती, झाडाला जिवंत ठेवते होय? मिथुनचं गोड बोलणंही त्याला आधीपासून खटकत होतं. कलमं लागली, सुनिता बाजाराला गेली, तसा तो माळावर गेला आणि कलमांच्या बुडाशी निळं पाणी ओतलं. ते खालच्या ओळीपुरतंच पुरलं. आपण निदान एवढी तरी वाचवली, या समाधानात तो पोटभर जेवला.

दिवाळीनंतर वरच्या ओळीला तांबूस पालवी फुटली. खालची ओळ वाळली. खालच्या पुड्या खोट्या होत्या, मिथुनने फसवलं, असं म्हणत सुनिता त्याला जाब विचारायला निघाली. चैत्याने लगेच मान डोलावली. तो माणूस बरा नाय, हे मी आधीच बोललो होतो, असंही वर ऐकवलं.

मिथुनला दाखवायला म्हणून तिने एक वाळकं कलम उपटलं. माती भसकन गळून पडली आणि खोडाच्या बुडाला निळसर पापुद्रा दिसला. चिकूवाडीत तीही कामाला जायची. तिने बापाकडे पाहिलं.

"मी बाहेरच्यावर संशय घेतला, बा," ती म्हणाली. "घरात बघायचं राहिलं."

चैत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सुनिताने वरच्या ओळीभोवती काटेरी फांद्या रोवल्या. गुरांसाठी, असं तिने आईला, हिरीला, सांगितलं. गुरांसाठी माळाला कुंपण आधीपासूनच होतं.